उत्तर नाही म्हणजे हो

सकाळी सव्वानऊला थोरलीने हार्ड डिस्कची केबल ओढली आणि टक् असा आवाज झाला. मोठा नव्हे, बारीकच. पण थोरलीचा जन्म कवळ्या बनवण्यात गेला होता, आणि असा बारीक आवाज झाला की काहीतरी तुटलेलं असतं हे तिला न बघताच कळायचं. तरीही ती केबल हातात धरून नुसतीच उभी राहिली. न बघितलं तर कदाचित तुटलेलं नसेल, असं अठ्ठावन्नाव्या वर्षीसुद्धा माणसाला वाटू शकतं.

मग बघितलं. डिस्कच्या कडेला केबल बसवायला काळ्या प्लास्टिकची एक पातळ पट्टी असते आणि त्या पट्टीच्या आधाराने सात बारीक पिना असतात. ती पट्टी मुळापासून निघून केबलच्या टोकात अडकून बसली होती. डिस्कवर उरल्या होत्या नुसत्या पिना, बिनआधाराच्या. त्यातल्या दोन वाकलेल्या.

केबल सरळ ओढायची असते. थोरलीने ती डावी-उजवी हलवत ओढली होती. प्लास्टरच्या साच्यावरून कवळी काढताना तशीच काढतात, आणि तिचे हात दुसरं काही जाणत नव्हते.

आता मुळात ही बाई सकाळी सव्वानऊला कॉम्प्युटरचं पोट उघडून काय करत होती? विचारलं असतं तर ती म्हणाली असती, धूळ काढत होते. खोटं नव्हतं ते, पण अर्धंच खरं होतं. मॉनिटरच्या कोपऱ्यावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, धाकटीच्या अक्षरात. 'आज लिहिलंय. नक्की वाच. सहापर्यंत उत्तर हवं.' ती बघून थोरलीला धास्ती वाटली, आणि धास्ती वाटली की थोरलीला साफसफाई सुचते. वाचायला भीती वाटत होती, म्हणून तिने कॉम्प्युटर चालू करण्याऐवजी उघडला. इतकं साधं होतं.

दोघी बहिणी एका घरात राहत होत्या आणि गेली तीन वर्षं एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. आई आजारी पडली तेव्हा धाकटी परगावी होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करावं लागेल. धाकटी वाटेत होती, दोन तासांवर. थोरलीने कागदावर सही केली आणि आई पुन्हा उठली नाही. धाकटी आल्या आल्या म्हणाली, "मला विचारायचं तरी." थोरली म्हणाली, "तू होतीस कुठे?" ती दोन वाक्यं शेवटची. त्यानंतर दोघींनी तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच.

पण एका घरात राहायचं म्हणजे सांगावं लागतंच. गॅस संपला, नळ गळतो, किल्ली शेजारी ठेवलीये. आधी कागदाच्या चिठ्ठ्या चालल्या. त्या थोरली वाचून फाडून टाकायची आणि मग 'असं काही लिहिलंच नव्हतंस' अशी दुसरी चिठ्ठी लिहायची. त्याला वैतागून धाकटीने कॉम्प्युटरवर एक फाइल केली, तिचं नाव ठेवलं 'घर', आणि वर तीन नियम लिहिले. तारीख घालायची. खोडायचं नाही. आणि दिलेल्या वेळेपर्यंत उत्तर आलं नाही, तर 'हो' धरायचं.

तिसरा नियम थोरलीसाठीच होता, कारण ती उत्तर देण्यात महाआळशी. गेल्या वर्षी तिने एका ओळीला उत्तर दिलं नाही, आणि चार दिवसांनी रंगारी दारात हजर. स्वयंपाकघर तेव्हापासून पोपटी आहे. थोरलीने रागारागाने लिहिलं, 'मी वाचलंच नव्हतं.' खाली धाकटीची ओळ आली, 'न वाचणं हेही उत्तरच. हो धरलं.'

म्हणजे आता सहा वाजता थोरली कशाला तरी 'हो' म्हणणार होती. कशाला, ते त्या डिस्कमध्ये होतं. आणि डिस्क तिच्या हातात होती, मोडलेली.

ती खुर्चीत बसली आणि आठवायला लागली. गेल्या आठवड्यात धाकटीने कचेरीतून पुठ्ठ्याची रिकामी खोकी आणली होती, घडी करून, दोरीने बांधून. परवा ती फोनवर कोणाला तरी सांगत होती, "दोन खोल्या पुष्कळ झाल्या, एकटीला किती लागतं?" हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटी घर सोडून चालली होती. मग पुन्हा वाटलं, चालली असेल तर विचारेल कशाला? सरळ जाईल. मग विचारायचं काय? घर विकायचं? की आईच्या खोलीत भाडेकरू ठेवायचा? की लग्न? धाकटी बावन्न वर्षांची होती, पण या घरात आता काहीही होऊ शकतं असं थोरलीला वाटायला लागलं.

फोन करून विचारावं. हे सुचायलाच तिला पाऊण तास लागला. धाकटी पाणीपुरवठा कचेरीत चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर परक्या माणसांशी बोलायचं आणि घरी येऊन गप्प बसायचं, अशी तिची नोकरी. थोरलीने घरच्या फोनवरून तिथला नंबर फिरवला.

"चौकशी विभाग. बोला," पलीकडून धाकटीचा आवाज आला.

थोरलीने फोनची वायर बोटाला गुंडाळली. 

"बोला ना. ऐकतेय मी."

तिच्या आवाजात काही राग नव्हता. कोणीही बोलावं आणि तिने ऐकावं, असा आवाज. तीन वर्षांत त्या आवाजाने थोरलीला काही म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणत होता तर तो थोरलीला म्हणत नव्हता.

"तुमच्याकडे पाणी येत नाहीये का?" धाकटीने विचारलं. "भाग कोणता? सांगा, मी लिहून घेते."

थोरलीने फोन ठेवला. डोळे पुसले आणि स्वतःलाच एक शिवी दिली. मग डिस्क आणि केबल कापसात गुंडाळून कवळीच्या डबीत घातली, आणि डबी घेऊन ती चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेली.

दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर आधीच तीन कॉम्प्युटर उघडे पडले होते आणि तो चौथ्यात डोकं घालून बसला होता. त्याने डबीचं झाकण काढलं आणि दचकला.

"मावशी, मला वाटलं दात आहेत."

"दात असते तर तुझ्याकडे कशाला आले असते? मीच बसवले असते. हे बघ आधी."

त्याने भिंग लावून बघितलं. मग तो बोलायला लागला, आणि ते बोलणं थोरलीच्या डोक्यावरून जायला लागलं. पोर्ट, डेटा, बोर्ड, बॅकअप. बॅकअप घेतलाय का, असं त्याने तीनदा विचारलं आणि थोरलीने तीनदा "बघते" म्हणून सांगितलं.

"माझ्या एकाच गोष्टीचं उत्तर दे," ती शेवटी म्हणाली. "यातलं लिहिलेलं गेलं का?"

"लिहिलेलं कुठे जातंय? आत सगळं जसंच्या तसं आहे. फक्त आत जायचं दार मोडलंय."

"मग दार बसव. सहाच्या आत."

"मंगळवारी मिळेल."

"आज शुक्रवार आहे!"

"म्हणून तर मंगळवारी." तो हसला, पण थोरलीचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "असं करा मावशी. तो तुकडा केबलमध्ये अडकलाय ना, तो काढू नका. तसाच राहू द्या. पिना सरळ करा आणि हळूच त्याच्या खाचांत सरकवा. हाताने धरून ठेवा. हात हलला नाही, तर चालू होईल. तुम्हाला काय वाचायचंय ते वाचून घ्या आणि बंद करा. पण चिकटवायच्या भानगडीत पडू नका हं."

शेवटचं वाक्य थोरलीने ऐकलं. ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

घरी येऊन तिने कवळ्यांच्या टेबलावरचा दिवा लावला, भिंग डोळ्याला लावलं आणि बारीक टोकाच्या हत्याराने त्या दोन पिना सरळ केल्या. हे काम मात्र झकास झालं. दुरुस्तीवाल्याला दाखवलं असतं तर त्याने टोपी काढली असती. मग ती कॉम्प्युटरसमोर जमिनीवर बसली, डाव्या हाताने पिना केबलच्या टोकात सरकवून धरल्या, आणि उजव्या हाताने बटण दाबलं.

पंखा फिरला. मॉनिटर उजळला. थोरली जमिनीवर, मॉनिटर टेबलावर, माउस त्याच्या शेजारी. डावा हात कॉम्प्युटरच्या पोटात, उजवा वर ताणलेला, मान वाकडी. या अवस्थेत तिने 'घर' उघडलं.

फाइल पहिल्या पानावर उघडली. जवळजवळ तीन वर्षांची फाइल, आणि आजची ओळ शेवटी. ती माउसचं चाक फिरवत खाली जायला लागली. ओळी सरसर वर जात होत्या. 'नळ गळतोय, प्लंबरला सांगू का?' 'ठीक.' 'माझी छत्री तुझ्या कपाटात आहे का?' 'नाही.' 'आज कचेरीत एक आजोबा पाणी आलं म्हणून मला पेढे द्यायला खिडकी शोधत शोधत आले, तुला दोन ठेवलेत डब्यात.' 'ठीक.' 'खोकला ऐकू येतो रात्री. डॉक्टरकडे जा.' 'बरं.' थोरलीचा हात मंदावला. धाकटीच्या ओळी लांबत गेल्या होत्या. तिच्या स्वतःच्या, पहिल्या पानापासून, एकेका शब्दाच्या होत्या. एकेक करून लिहिताना हे कधी लक्षात आलं नव्हतं. सगळं ओळीने दिसल्यावर तिला शरम वाटली.

शरम वाटली आणि हात हलला.

पडदा जागच्या जागी थिजला. गेल्या हिवाळ्यातलं पान होतं. 'तुझ्यासाठी लोकर आणलीये, रंग आवडतो का सांग.' त्याखाली काही नव्हतं. म्हणजे हो.

दुसऱ्यांदा बसवलं, कॉम्प्युटर चालूच होईना. तिसऱ्यांदा चालू झाला आणि फाइल उघडण्याआधीच बंद पडला. चार वाजत आले होते. डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. आणि मग थोरलीचा स्वभाव आडवा आला. हाताने धरून ठेवावी लागेल अशी कवळी तिने उभ्या आयुष्यात कोणाला दिली नव्हती. जे बसवायचं ते घट्ट बसवायचं, माणसाने त्या दातांनी अक्रोड फोडले तरी हलता कामा नये. हे लोंबकळणारं, डगमगणारं काम तिच्याने बघवेना.

तिने कवळ्यांचं ॲक्रिलिक कालवलं. पावडर, द्रव, काडीने ढवळून, नेमकं पातळ असतानाच. पिना तुकड्याच्या खाचांत बसवल्या आणि चहूबाजूंनी ते गुलाबी मिश्रण भरलं. कडक झाल्यावर कानशीने घासून कडा गुळगुळीत केल्या. एखाद्या हिरडीत दात बसावा तसं ते बसलं होतं. तिने ओढून बघितलं. डोंगर हलेल, हे हलणार नाही. दिवसभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

डिस्क लावून तिने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळा. केबलचं दुसरं टोक काढून पुन्हा लावलं, या वेळी सरळ. पडदा काळाच. एवढं सुंदर बसलंय, मग अडतंय कुठे? थोरली पुरती बुचकळ्यात पडली. तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"चिकटवलंत?" तो म्हणाला. "कशाने?"

तिने सांगितलं. 

"मावशी, ते पातळ असताना पिनांच्या मधे उतरलं असणार. प्रत्येक पिनेवर त्याचा थर बसला. आता धातूला धातू लागत नाही. वीज जाणार कशी?"

"पण घट्ट बसलंय."

"घट्टच बसलंय. आता ते सोडवायला आठवडा लागेल. मंगळवारी आणा, बघू."

थोरलीने कपाळावर हात मारला. साडेपाच वाजले होते. अर्धा तास. कागदावर लिहावं? कागद घेतला. 'मोडलं, वाचता आलं नाही' असं लिहिलं आणि वाचून बघितलं. पोपटी भिंतीकडे बघितलं. न वाचणं हेही उत्तरच. तिने तो कागद फाडला. मग दुसरा घेतला आणि नुसतं 'नाही' लिहिलं. तोही फाडला. कारण हे तिलाही कळत होतं की चिठ्ठ्या फाडून 'लिहिलंच नव्हतंस' म्हणणाऱ्या बाईच्या कागदावर कोणी कशाला विश्वास ठेवावा? मग ती नुसतीच घरभर फिरली. आईच्या खोलीचं दार उघडून आत बघितलं. धाकटीच्या खोलीत डोकावली. खोकी भिंतीला टेकून उभी होती. धाकटी गेल्यावर हे घर कसं दिसेल, ते तिला त्या खोलीच्या दारात उभं राहून अगदी स्पष्ट दिसलं. कोणी 'ठीक' लिहायलाही उरणार नव्हतं.

सहाला सात मिनिटं कमी असताना कुलूप उघडलं. धाकटी आत आली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि सरळ कॉम्प्युटरकडे गेली. तिथे सगळी आतडी बाहेर पडलेली. गुलाबी गोळा लागलेली डिस्क. काळा पडदा. धाकटीने ते बघितलं, घड्याळ बघितलं, मग थोरलीकडे बघितलं, म्हणजे तीन वर्षांच्या सवयीने तिच्या खांद्याच्या जरा वरून बघितलं. मग ती वळली आणि आपल्या खोलीकडे निघाली. थोरलीला वाटलं, हो धरून.

"नाही!" थोरली ओरडली.

तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. धाकटी जागच्या जागी थांबली.

"काय?"

"नाही. तू जे काही विचारलंयस ना, त्याला नाही. नाही म्हणजे नाही."

"वाचलंस तू?"

"कुठून वाचणार? मोडलं ते. मीच मोडलं, मग मीच चिकटवलं आणि आता पार कामातून गेलं."

"म्हणजे न वाचताच नाही?"

"न वाचताच."

धाकटी भिंतीला टेकली. तिला हसू यायला लागलं. ते हसू आधी हसूच होतं, मग त्याचं काय झालं ते थोरलीला कळेना, कारण धाकटीने ओंजळीत तोंड लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

"मी विचारलं होतं," ती ओंजळीतूनच म्हणाली, "की आता हे लिहिणं पुरे करू या का. आपण तोंडाने बोलायला लागायचं का. आईचं मी विसरलेली नाही, तेही लिहिलं होतं. पण मला घरी आल्यावर कोणाशी तरी बोलायचंय, असं लिहिलं होतं."

थोरलीला आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि समजल्यावर तिचा गोंधळ दुप्पट झाला. ज्या गोष्टीला ती जीव तोडून नाही म्हणाली ती कोणी विचारलीच नव्हती. आणि जे विचारलं होतं त्याला नाही म्हणण्यासाठी तिने तीन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.

"आणि ती खोकी?" ती कशीबशी म्हणाली.

"लोकरीच्या कपड्यांना."

"आणि दोन खोल्या? फोनवर म्हणत होतीस, एकटीला किती लागतं."

"कचेरीत माझ्या शेजारच्या खिडकीत बसणारी मुलगी घर शोधतेय. तुला वाटलं काय?"

"मला वाटलं तू चाललीस." थोरली खुर्चीत बसली. "सकाळपासून मला तेच वाटतंय. जाऊ नकोस म्हणून नाही म्हणाले मी."

धाकटीने तोंडावरचे हात काढले. आता ती खांद्याच्या वरून बघत नव्हती.

"मग मी आता काय धरू?"

"काही धरू नकोस!" थोरली कडाडली. "सारखं धरतेस काय मेली! समोर बसलेय मी. विचार की सरळ."

 धाकटीने दुसरी खुर्ची ओढली आणि थोरलीसमोर बसली. पण तिने जे विचारलं ते बोलायचं की नाही याबद्दल नव्हतं.

"त्या दिवशी माझ्यासाठी थांबली होतीस का?"

"चाळीस मिनिटं," थोरली म्हणाली. "पेन हातात धरून. डॉक्टर दोनदा येऊन परत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, आता थांबलात तर ऑपरेशनचा काही उपयोग नाही. मी दाराकडे बघितलं. तू आलेली नव्हतीस."